रेडिओ पडला नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून मला आजवर फार तर तंबाखूची पुडी लपवता आली — तीही संध्याकाळपर्यंतच. पण ही गोष्ट सात वर्षं पोटात आहे. कशी राहिली, माझं मलाच नवल वाटतं. तुम्ही समोर बसलाय असं धरतो आणि सांगतो.

आधी माझी थोरवी ऐका. मलकापुराहून पाटणला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. आमच्या आळीत ट्रान्झिस्टर एकच — माझा धाकटा भाऊ हणमंत फौजेतून सुट्टीवर येताना घेऊन आला होता. रेडिओ त्याचा, पण त्याचा वैद्य झालो मी. सातवी पास आणि हातात पेचकस — माणसं एवढ्यावर विश्वास ठेवतात, त्याला मी काय करणार? पुढं मळ्यातले रेडिओही तपासायला माझ्याकडं येऊ लागले.

माझे उपाय ठरलेले. बोलतच नाही? सेल उलटे बसलेत का बघा. मधेच बंद पडतो? आतल्या स्प्रिंगा पॉलिश पेपरनं घासा. आवाज लांबून येतो? अख्खा रेडिओच हळूहळू फिरवा, एका बाजूला तोंड केलं की नीट बोलतो. थापडा मारू नका, तो काही शाळेतलं पोर नाही. सेल दमले? फेकू नका, उन्हात ठेवा, अजून दोन दिवस गातील. हा उपाय माझा फार लाडका. आमच्या अंगणात सांडग्यांच्या शेजारी सेल वाळत पडलेले असायचे. आणि एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगायचो — दमलेले सेल आत ठेवू नका, ते पाझरतात, रेडिओ आतून खातात.

लोकांना सांगायचो.

तर हणमंताचं पत्र आलं. फौजी भावांसाठी फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा, त्यात त्यानं गाणं मागितलं होतं आणि रविवारी दिवेलागणीला त्याचं नाव पुकारणार होते. शालन म्हणजे त्याची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यात नवरा घरात होता तो जेमतेम दीड महिना. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ते नाव आता रेडिओ घेणार होता, साऱ्या आळीदेखत. पत्र वाचून झाल्यावर ती पोर आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

थोरल्या दिराशी सून बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं तर आईकरवी. त्या आठवड्यात तिचा निरोप आला — रविवारसाठी नवे सेल आणावेत का? मी हसलो. वैद्याला औषध शिकवता काय? उन्हात तापवलेले सेल आत घातले, रविवारपर्यंत रेडिओ लावायचा नाही म्हणून बजावलं आणि चार दिवस विसरलो.

सांगायचं टाळतोय का मी? टाळतोयच.

रविवारी अंगणात आळी जमली. मी घसा खाकरून बटण फिरवलं, जणू मीच गाणार होतो. आवाज नाही. खरखरही नाही. मागचं झाकण काढलं. आत हिरवट-पांढरं काहीतरी चुन्यासारखं फुगून बसलेलं. स्प्रिंगेला बोट लावलं तर ती तुटून बोटालाच चिकटून आली. पाठीमागून सगळे विचारत होते, काय झालं आण्णा, काय झालं? आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला.

"कुणीतरी पाडलाय ह्यो."

हे वाक्य आलं कुठून? मी ठरवलं नव्हतं, शप्पथ. पण सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या, कारण दिवसा रेडिओ शालनच्या खोलीत असायचा. आई म्हणाली, "शाले, तुझ्या हातनं पडला व्हय गं?" ती दारात उभी होती, पदर कपाळावर ओढलेला. समोर थोरला दीर, भोवती सगळी आळी — ती काय बोलणार? वाक्य तोंडातून निसटलं असेल हो. पण ती बोलू शकणार नाही हे ठाऊक असताना मी गप्प राहिलो — ते काय निसटलं होतं?

दोघं-तिघं मळ्यातल्या रेडिओकडं पळाले. परत आले ते हसत. "नाव आलं गड्या, लय झ्याक म्हटलं." सगळ्यांनी ऐकून घेतलं. तिनंही दारातूनच.

मी रेडिओ कऱ्हाडला नेला. तिथल्या कारागिरानं झाकण उघडताच सांगितलं, ह्यो पडलेला न्हाई, ह्याला सेलनं खाल्लाय. घरी येऊन मी सांगितलं, पडल्यानंच बिघडला म्हणतोय. हे मात्र पूर्ण शुद्धीत. सहा कोस येताना नीट घोकलेलं.

मग दुरुस्त झालेला रेडिओ घराच्या पुढच्या सोप्यात, पुरुषांच्या बैठकीत, माझ्या फळीवर आला. सोप्यात सुना बसत नाहीत. ती आतून, पीठ मळता मळता, जेवढं कानावर येईल तेवढं ऐकायची. हणमंत सुट्टीवर आला, त्याला आईनं सांगितलं, तोही बायकोला वेंधळी म्हणाला. आणि घरात एक विनोद सुरू झाला. शालननं कळशी उचलली की कुणीतरी म्हणायचं, जपून गं, रेडिओ हाय त्यो. घरभर हशा. तो विनोद पहिल्यांदा मी केला होता.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं लग्न होतं, सांगलीला. आठ दिवसांसाठी घर बंद करायचं होतं. ट्रंका बाहेर गेल्या. मी सोप्यात कुलूप शोधत होतो, तेवढ्यात शालन आत आली. सोप्यात. फळीवरचा रेडिओ घेतला, नखानं झाकण उघडलं, सेल काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"भावजी, बंद घरात सेल आत ठिवू नका. त्या टायमाला बी सेल हाताला वलंच लागत व्हतं. उन्हातनं मीच गोळा करत व्हते की."

आवाजात राग नव्हता. दुधाला झाकण घाला म्हणावं, तसं म्हणाली.

म्हणजे त्या दिवशी दारात उभी होती तेव्हाही तिला ठाऊक होतं. सगळ्या कळश्या उचलताना ठाऊक होतं.

बाहेरून आई उंबऱ्यापाशी आली. सुनेला सोप्यात बघून चमकली. "काय म्हनतीया रं ही?" तिनं मला विचारलं. शालन तिथंच उभी होती. पदर सावरून, माझ्याकडं न बघता, थांबलेली.

मी म्हणालो, "काय न्हाई. कुलूप कुठं ठिवलंयस?"