टिबोची शिट्टी

माझा सासरा टिबो बोहोल बेटावरच्या आमच्या गावात झाडं तोडतो आणि रविवारी बास्केटबॉलचा पंच असतो. चाळीस वर्षं त्याने चिखलात शिट्टी फुंकली. फाउल करणाऱ्याने स्वतःच हात वर करायचा, हा त्याचा नियम. सख्ख्या मुलाने हात वर केला नाही म्हणून त्यालासुद्धा मैदानाबाहेर काढलं होतं.

सिमेंटचं मैदान मंजूर झालं तेव्हा हा साठीचा माणूस अंगणात नाचला. आडवं आलं ते फक्त बालेतेचं झाड, आपल्या वडासारखं. त्यात दिवाता राहते.

हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो. साताऱ्याच्या माणसाला समुद्रापार आपली देवता भेटली होती.

"टाटाय, हा तर आमचा शब्द," मी सासऱ्याला म्हटलं.

"तुमचा कसला? माझ्या आजीचा आहे."

गावचा कपितान, म्हणजे सरपंच, रोल्दान मनिलाकडे शिकलेला, तिकडच्या मोठ्या देवाचं नाव घेणारा. तो म्हणाला, "बाथाला बघून घेईल रे टिबो. तू करवत चालव."

"बाथाला वर राहतो. घर दिवाताचं पडणार आहे. तिला विचारायला नको?"

विचारायची रीत सोपी. अळणी कोंबडं ठेवायचं, मीठ तिला चालत नाही. कुऱ्हाड खोडाला टेकवून घरी जायचं. सकाळी उभी असली तर परवानगी, पडली तर नाही.

रात्री तसंच केलं आणि उजाडताच आम्ही दोघं गेलो. कुऱ्हाड आडवी पडली होती.

टिबोने आजूबाजूला पाहिलं आणि ती उचलून पुन्हा खोडाला टेकवली.

"तू काही बघितलं नाहीस."

"नाही, टाटाय." खरं सांगतो, मैदान मलाही हवंच होतं.

तेवढ्यात अख्खं गाव लोटलं. उभी कुऱ्हाड बघून पोरं आरोळ्या ठोकू लागली. कपितानने तर नवा चेंडूच आणला होता. त्याने इंजिनाची करवत टिबोच्या हातात दिली. टिबोने दोरी ओढली, करवत गुरगुरली आणि बंद पडली. मला वाटलं, तेल संपलं. पण बंद त्यानेच केली होती. करवत खाली ठेवून त्याने खिशातली शिट्टी काढली आणि अशी फुंकली की कुत्रीसुद्धा गप्प झाली.

"कुऱ्हाड पडली होती," तो म्हणाला. "मी उभी केली."

आणि त्याने आपला हात वर केला.