चंद्रकलावहिनीच्या गाडीची चावी

गाडी चंद्रकलावहिनीची आहे. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, इथूनच माझं डोकं तापायला लागतं.

एकोणीस वर्षं वहिनी नागपुरात शाळेची व्हॅन चालवते. सकाळी साडेसहाला सक्करदऱ्यातून निघायचं, दुसऱ्यांची रडकी, झोपाळू, ओकारी काढणारी पोरं गोळा करायची आणि वेळेत फाटकात सोडायची. भैयाजी तिचा नवरा आणि माझा सख्खा भाऊ. त्याने एकदाच त्या व्हॅनचं स्टिअरिंग धरलं आणि ती सरळ गल्लीतल्या भिंतीवर घातली. पुन्हा कधी बसला नाही. उमरेडला आमच्या घरच्यांना मात्र ब्रेक फेल झाले म्हणून सांगितलं.

यंदा वहिनीने स्वतःसाठी गाडी घ्यायचं ठरवलं. जुन्या वळणाची, गोल दिव्यांची, खाली फिकट हिरवी आणि वर सायीसारखी पांढरी, आमच्या गल्लीत अलगद वळेल एवढीशी. "ह्या गाडीत कोनाचं दप्तर नाही चढनार," ती म्हणाली. एवढीच तिची हौस.

शोरूममध्ये तिघं गेलो. वहिनी विचारत होती, वळायला जागा किती लागते, खाली घासते का, क्लच जड तर नाही. सेल्समन उत्तरं देत होता भैयाजीकडे बघून. वहिनीला त्याने एकच विचारलं, "मॅडम, रंग आवडला ना?" मी तोंड उघडणार होते, तिने माझा हात दाबला.

गाडी मिळायच्या दिवशी तर कहर झाला. हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं तयार. शोरूममधल्या एका पोरीने वहिनीच्या हातात आरतीचं ताट दिलं आणि पुठ्ठ्याची हातभर लांब चावी भैयाजीच्या हातात. ज्या बाईची सही, जिच्या नावाची गाडी, तिने ओवाळायचं आणि ज्याला फर्स्ट गिअर कळत नाही त्याने चावी धरून दात काढायचे! आणि माझ्या भावाने काढले. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. "भैयाजी, अभिनंदन!" असे तीसेक मेसेज आले. त्याने प्रत्येकाला हात जोडले. एकालाही सांगितलं नाही की अभिनंदन हिचं करा.

"राहू दे," वहिनी मला म्हणाली. "रविवारी उमरेडला जाऊ तवा सांगतील ते. मले बाकी कोनाचं काही नाही. यायनं आपल्या मानसाईत एकदा सांगावं, बस."

रविवारी वहिनी आम्हा दोघांना बसवून गाडी चालवत उमरेडला घेऊन आली. आमचे थोरले भाऊ मधुकरराव अंगणातच उभे होते. त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

"झकास गाडी घेतली गा भैया! पन चंद्रकलाले काहून चालवाले देली? नवी हाय, ठोकली म्हंजे?"

वहिनी दार धरून उभी राहिली. भैयाजीकडे बघत होती. मीही बघत होते.

"तिले हौस हाय ना दादा," माझा भाऊ म्हणाला. "म्हटलं, चालव आजच्या दिवस."

आजच्या दिवस! मला संतापाने काही सुचेना. वहिनी मात्र आत जाऊन सगळ्यांना वाढायला लागली. जेवणं झाली, भांडी घासली, आणि मग ओसरीत सगळ्यांसमोर तिने चावी भैयाजीच्या हातावर ठेवली.

"माही हौस फिटली. आता तुमीच चालवत घेऊन या."

आणि पदर खोचून ती एसटी स्टँडकडे चालू लागली. मी तिच्या मागोमाग. स्टँडवर पोचतो न पोचतो तोच तिचा फोन वाजला, भैयाजीचा. तिने तो स्पीकरवर टाकला.

"परत ये ना वं. सारे म्हनून राहिले, एक चक्कर मारून दाखव."

"मंग मारा."

"मले चालवता येत नाही, माहीत हाय ना तुले."

"मले माहीत हाय. दादाले सांगा."

मग भैयाजीचा पडलेला आवाज आला, "दादा, मले गाडी चालवता येत नाही. गाडी हिची हाय. हिनंच घेतली."

"मंग सकाळीच काहून नाही सांगितलं गा?" मधुकररावांनी विचारलं.

"लाज वाटते ना दादा."

वहिनीने फोन तोंडाजवळ धरला. "तुमची मिल बंद पडून नोकरी गेली तवापासून माह्या व्हॅनवर घर चालून राहिलं. तवा जेवताना लाज नाही वाटली?"



"चावी दादापाशी ठेवा," ती म्हणाली. "उद्या पोराईले शाळेत सोडून मी माही गाडी न्याले येतो. तुमी बसनं या."

नागपूरची बस लागली होती. आम्ही चढलो. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा मीच बोलले, कारण वहिनी खिडकीकडे तोंड करून रडत होती. तो माझा सख्खा भाऊ आहे, तरी मला त्याची जराही कीव आली नाही.