बायको काय बोलली

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये काकांनी पस्तीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या आणि त्यांची गुपितं पोटात ठेवली. खुर्चीत बसलं की माणसं भडाभडा बोलत. काकांच्या तोंडून मात्र एक शब्द बाहेर जात नसे. याचा त्यांना मनातून ताठाही होता.

मग बायकोची स्मृती ढासळत गेली. आधी गॅस चालू राहू लागला, मग ती अनवाणीच रस्त्याला लागू लागली, आणि शेवटी काकांवरच "तुम्ही कोण? निघा माझ्या घरातून!" असं खेकसू लागली. चार वर्षं काकांनी तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, रात्रीच्या रात्री जागून काढल्या. मुलगी परगावी असायची. एकदा आली, आईच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला आणि तडक कोर्टात गेली. आईला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, तिनं कुठे राहायचं ते कोर्टानंच ठरवावं, असा अर्ज तिनं केला.

कोर्टानं पाठवलेली डॉक्टरीण बायकोबरोबर तासभर एकटीच बसली. दाराबाहेर काका ताटकळले. बायको त्या दिवशी कधी नव्हे ती भरभरून बोलली. काय बोलली, ते सीलबंद पाकिटातून न्यायाधीशबाईंकडे गेलं.

"त्या विश्वासानं बोलल्यात," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "'ह्यांना सांगू नका' असं तीनदा बजावलंय. तुमच्या मुलीला आणि तुमच्या वकिलांना वाचायला देते, पण त्यांनी तुम्हाला एक अक्षरही सांगायचं नाही."

"पण बाईसाहेब, आरोप काय तेच ठाऊक नसेल तर मी उत्तर कशाचं देऊ?"

"आरोप आहे, असं मी म्हटलेलं नाही."

"मग काय आहे?"

बाईंनी पुढची तारीख दिली.

वकीलसाहेब काकांचं अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. दर सोमवारी सकाळी हजर. पाकीट वाचल्यानंतरच्या सोमवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाजारापलीकडच्या दुसऱ्या सलूनमधून गुळगुळीत गालांनी बाहेर पडताना ते दिसल्याचं कोणीतरी सांगितलं.

काकांनी मनात सगळा संसार उसवून पाहिला. काय सांगितलं असेल तिनं? तारखेच्या दिवशी वकील बाही ओढत असतानाही काका उभे राहिले.

"बाईसाहेब, मीच सांगतो. दुकानात जाताना मी तिला खोलीत कोंडून जायचो. दोनदा हात उचलला. एकदा ताट अंगावर फेकलं म्हणून, आणि एकदा… एकदा काही कारण नव्हतं. मी दमलो होतो. तिनं एकदाचे डोळे मिटावेत, असंही मनात यायचं. हेच लिहिलंय ना तिथे?"

मुलीनं तोंडावर हात ठेवला. न्यायाधीशबाई शांतपणे लिहीत होत्या.

निकाल आठवड्यानं लागला. बायकोला शुश्रूषागृहात ठेवायचं, नवऱ्यानं भेटायचं नाही. शेवटची ओळ अशी, की पतीनं स्वतःच कबुली दिल्यामुळे सीलबंद मजकुराचा आधार घेण्याची गरज उरलेली नाही.

बाहेर व्हरांड्यात काकांनी वकिलांना गाठलं. "मी बोललो त्यातलं काही होतं का हो त्यात?"

वकिलांनी आजूबाजूला पाहिलं. मग मान जेमतेम हलवली. नाही.

"काहीच नाही?"

पुन्हा नाही. आणि वकील जवळजवळ धावतच जिना उतरले.

काका बाकावर बसून राहिले. कोणी मागितलं नव्हतं ते त्यांनी स्वतःच्या हातानं देऊन टाकलं होतं. आणि तिच्या मनात सलत होतं ते याहून वेगळंच होतं. कदाचित याहून वाईट. ते त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

सोळा महिन्यांनी बायको गेली. शेवटच्या दर्शनाला काकांना दहा मिनिटं मिळाली, तीही मुलीच्या देखत.

"तू वाचलंस ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आता ती राहिली नाही. आता तरी सांग."

मुलीनं आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तिनं नको म्हटलं होतं, बाबा. आणि तुमची दहा मिनिटं झाली."