दासगावपर्यंतची चक्कर

मिस्त्रींचं गॅरेज महाडच्या एसटी स्टँडमागे होतं. काही विचारलं की ते आधी हातातला नट आवळायचे, मगच बोलायचे.

आमच्याच भागातल्या एका लहान कारखान्याने कधीकाळी मिनी बाईक काढल्या होत्या, जेमतेम गुडघ्याएवढ्या. कारखाना बंद पडला, सुटे भाग मिळेनात, गाड्या गंजत पडल्या. ते त्या पुन्हा चालत्या करायचे. माझी पोलादपूरला मामाच्या गोठ्यात सापडली. वर्षभर ती दुरुस्तीला मिस्त्रींकडेच होती. ‘‘झाली का?’’ म्हटलं की नट आवळून म्हणायचे, ‘‘येते हाय.’’

एका शनिवारी दुपारी म्हणाले, ‘‘गुरुजी, दासगावपर्यंत फिरवून आणतो. असली परत हाताखाली यायची नाय.’’

एवढा थोराड माणूस, गुडघे पार कोपरांच्या वर आलेले, सावित्रीच्या कडेकडेने उन्हात विरघळत गेला. ते दिसेनासे झाले तरी गाडीची फटफट बराच वेळ नदीवरून येत राहिली. मी तिथेच बाकड्यावर बसलो. बहुधा डुलकीही लागली.

दासगाव जाऊन-येऊन तासाभराचं; ते परतले दिवेलागणीला, तेही वाकून गाडी ढकलत.

‘‘काय झालं?’’

हातात नट नव्हता. त्यांनी टाकीचं झाकण आवळलं. ‘‘पेट्रोल संपलं.’’

ते हात धुवायला आत गेल्यावर मी झाकण उघडलं. टाकी अर्धी भरलेली होती. झाकण पुन्हा तसंच आवळलं, आणि सुरू केल्याचा आवाज त्यांच्या कानावर जाणार नाही इतक्या लांबपर्यंत मीही गाडी ढकलतच नेली.