बाळ्याची नसलेली शेपटी

कारखानीसने अप्पा दामल्यांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत ऐकताना लोक सीमेवरच्या अधिकाऱ्यावर चिडतात. त्याचा काही दोष नव्हता.

आम्ही थाइंगनच्या नाक्यावर उभे होतो. जर्मनीतून झुरिकला जाताना तिथे स्विस हद्द लागते. व्हॅनमध्ये मागे जाळीच्या पिंजऱ्यात बाळ्या, म्हणजे दामल्यांचा बॉक्सर कुत्रा, आणि माझ्या शेजारी अप्पा. अधिकाऱ्याने बाळ्याचा पासपोर्ट उघडला. कुत्र्यामांजरांचे हे निळे पासपोर्ट तेव्हा नवीनच निघाले होते. त्याने बाळ्याच्या मानेवरून चिप वाचायचं यंत्र फिरवलं, नंबर जुळला. रेबीजची लस बरोबर, तारीख बरोबर. मी किल्लीला हात घातला. तेवढ्यात तो मागच्या बाजूने वाकला आणि म्हणाला, "याची शेपटी कुठाय?"

"जन्मल्यावर कापलीय," मी म्हणालो. "या जातीची कापतातच."

"आमच्याकडे नाही कापत. आणि कापलेला कुत्रा आत आणू देत नाही."

बाळ्या पुण्यात जन्मला. तिथे बॉक्सरचं पिल्लू विकणारा माणूस आधी शेपटी छाटतो, मग भाव सांगतो. जर्मनीतही शेपटी कापायला बंदी आहे, पण बाहेरून कापून आलेल्या कुत्र्याला कुणी अडवत नाही. त्यामुळे नेकारसुल्मला, दामल्यांच्या जर्मनीतल्या घरी, बाळ्या आरामात राहिला. स्विस कायदा एक पायरी पुढे जातो. कापलेल्या शेपटीचा कुत्रा देशात आणायचाच नाही. सवलती दोनच. मालक बाहेरदेशी राहत असेल आणि चार दिवस फिरायला येत असेल, तर कुत्रा चालतो, पण परतही न्यावा लागतो. किंवा मालक कायमचं घर हलवत असेल, तर कुत्रा घरच्या सामानाचा भाग धरतात.

"मग हा सामानाचाच भाग आहे," मी म्हणालो. "याचा मालक झुरिकला राहायला आलाय."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

"त्या वेळी सामान सोडवताना कुत्रा मागून येणार असं सांगितलं होतं का?"

ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी कराडचा. जर्मनीत आल्यावर बरीच वर्षं लोकांचे सोफे जिन्याने चढवले, मग स्वतःची व्हॅन घेतली. माझं काम गाडी आणि माणसं. कागद आणि कस्टम्स रिलोकेशन एजन्सीचं, म्हणजे कंपन्यांच्या नोकरदारांची घरं हलवून देणाऱ्यांचं. या एजन्सीचं ऑफिस उंटरश्लाइसहाइमला, आणि भारतीय कुटुंबांचं सगळं कारखानीसकडे. गोड बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या आईला फोनवर नमस्कार सांगणारा.

सामान आणि कुत्रा वेगळे का गेले, तेही सांगतो. अप्पांचा मुलगा निखिल नेकारसुल्मच्या कार कंपनीत इंजिनिअर होता, त्याला झुरिकला नोकरी लागली. एजन्सीने ट्रकची तारीख दिली ती ऐन पितृपक्षातली. अप्पा म्हणाले, पक्षात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही. गणपती नव्या घरात बसवू, त्याआधी सामान लागलं पाहिजे. कारखानीस लगेच म्हणाला, "अप्पा, तुम्ही म्हणाल तसं," आणि ट्रक गणपतीच्या आधी ठरवला. पण बाळ्याची रेबीजची लस चुकली होती, ती नव्याने टोचली, आणि त्यानंतर काही आठवडे त्याला सीमा ओलांडता येणार नव्हती. तेव्हा अप्पा म्हणाले, तुम्ही सगळे पुढे व्हा, मी बाळ्यापाशी थांबतो. नातवाचा गणपती त्यांनी फोनवर ऐकला. सतरंजी, स्टोव्ह आणि कुत्रा, एवढ्यावर म्हातारा रिकाम्या फ्लॅटमध्ये राहिला.

त्या दिवशी सकाळीच मी फ्लॅटची युबरगाबे करून दिली होती. युबरगाबे म्हणजे घरमालकाने भिंतीवरचा प्रत्येक खिळा बघून किल्ल्या परत घेणं. मागे घर उरलं नव्हतं आणि पुढे हा अधिकारी सोडत नव्हता.

निघताना मी अप्पांना चिडवलं होतं, "काय अप्पा, पक्ष चालू आहे, तरी निघालात?"

"घर लागलंय, आता मला कसली अडचण? आणि कुत्र्याला पक्ष नसतो, गायकवाड."

नाक्यावर मी कारखानीसला फोन लावला.

"कारखानीस, बाळ्याच्या शेपटीवरून अडवलंय."

"अरे देवा. बघितली का त्यांनी?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे, त्याचा फोटो होता ना माझ्याकडे."

"मग सामान सोडवताना बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर त्यांनी कुत्र्याची सगळी चौकशी काढली असती. ट्रक तिथेच लटकला असता. यांना गणपतीच्या आत घर हवं होतं! आणि गायकवाड, शेपटी बघतंय कोण? हात हलवतात, सोडतात."

"इथे बघितली."

"आल्झो, हे बघ, तू जरा बोल ना त्यांच्याशी. तू बोलण्यात हुशार आहेस."

मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर तोच आवाज मी अधिकाऱ्यावर चढवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही ओरडू शकता. ओरडून झालं की गाडी तिकडे वळवा."

मी आयुष्यभर घासाघीस करत आलोय. समोरचा नाही म्हणाला की मला कुठेतरी फट दिसते. मला पहिली सवलत आठवली. पासपोर्टवर मालक म्हणून नाव अप्पांचं होतं, कारण पुण्याहून कुत्रा त्यांनी आणला होता. अप्पा राहणारे पुण्याचे, स्विस व्हिसा पाहुण्याचा. म्हणजे पाहुणा आणि पाहुण्याचा कुत्रा! चोख बसत होतं. मी अधिकाऱ्याला तसं सांगितलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "मी त्यांना स्वतः विचारतो."

मी अप्पांकडे वळलो. "अप्पा, तो विचारेल, कुत्रा परत नेणार का. फक्त येस म्हणा. पुढे काही बोलू नका."

अधिकाऱ्याने इंग्रजीत सावकाश विचारलं, "तुम्ही परत जाताना कुत्रा घेऊन जाणार?"

अप्पा म्हणाले, "नो सर. ही विल स्टे विथ माय ग्रँडसन."

अधिकाऱ्याने पासपोर्ट मिटून त्यांच्या हातात अदबीने परत दिला. संपलं.

गाडी जर्मनीच्या बाजूला घेईपर्यंत मी धुमसत होतो. "एक शब्द, अप्पा! एक शब्द बोलायचा होता. हरिश्चंद्र व्हायला हीच जागा सापडली?"

"चिडा, चिडा," अप्पा म्हणाले. "पण मला सांगा, उद्या तिथे दाराची बेल वाजली की ओंकारने काय करायचं? कुत्रा कॉटखाली लपवायचा? नातवाला मी पहिल्याच दिवशी ते शिकवू?"

मला त्यांना तिथेच गाडीतून उतरवून द्यावं असं वाटलं.

निखिल पलीकडून गाडी घेऊन आला. आम्ही एका पेट्रोल पंपाशेजारी उभे राहिलो. बाळ्या निखिलच्या पायांवर उड्या मारत होता आणि तो वडिलांची समजूत घालत होता.

"अप्पा, तुम्ही चला माझ्याबरोबर. बाळ्याला इकडे कुणाकडे तरी ठेवू. चांगली माणसं मिळतात."

"म्हातारा झालाय रे तो. आता नवी माणसं कुठे शिकेल?"

"आणि तुम्ही नाही झालात म्हातारे?"

"म्हणूनच म्हणतो," अप्पा म्हणाले.

निखिल रडला. मी पेट्रोल भरायचं निमित्त करून बाजूला झालो.

अप्पा आणि बाळ्या माझ्या घरी हाइलब्रोनला राहिले. माझ्या बायकोने बाळ्याला भाकरी लावली. निखिलने खास परवानगीसाठी अर्ज केला, नकार आला. सामान आलं त्याच वेळी सांगितलं असतं तर विचार झाला असता, आता उशीर झाला. अप्पांचा जर्मनीतला व्हिसा संपत आला होता. दिवाळीच्या आधी ते बाळ्याला घेऊन पुण्याला गेले. थंडीचे महिने नातवाजवळ काढायचे, त्याला मराठी वाचायला शिकवायचं, असा त्यांचा बेत होता. पुण्याला गेल्यावर बाळ्याला सोडून ते परत निघालेच नाहीत. ओंकार आता फोनवर आजोबांचं सगळं ऐकतो, समजतो आणि जर्मनमध्ये उत्तर देतो. अप्पा "जा, जा" म्हणून हसतात. त्यांना अर्धंही कळत नाही.

एजन्सीत कारखानीसने सांगितलं, शेपटीचं ड्रायव्हरने कळवलं नाही. तेव्हापासून त्यांच्या भारतीय गिऱ्हाइकांचं काम मला मिळालेलं नाही. त्याचं मी बघून घेईन, मला भांडता येतं. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की जनावर सामानाच्या ट्रकबरोबरच न्या. तसं जमत नसेल, तर त्याच्या अंगावर जे नाही ते कस्टम्सला पहिल्या दिवशी सांगा. मुहूर्त चुकला तर गणपती जुन्या घरात बसवता येतो.

कारखानीस अजून त्याच खुर्चीत आहे. त्याला नियम माहीत होता, फोटो त्याच्याकडे होता, आणि खरं काय ते अप्पांना सांगायला त्याच्याकडे कितीतरी दिवस होते. सांगितलं असतं तर अप्पांनीच ट्रकची तारीख पुढे ढकलली असती, मी त्यांना ओळखतो. त्याने त्यांना विचारलंच नाही. पुढच्या खेपेला पुण्याला जाशील, कारखानीस, तेव्हा अप्पांच्या घरी जा. त्यांच्यासमोर बस आणि का विचारलं नाहीस ते त्यांना सांग.