पायरी जपून!

माणसं बंगल्याची मालक असतात. आमच्या हिच्या मामांच्या बाबतीत मात्र बंगलाच मामांचा मालक होता. नगरहून भिंगारकडे जाताना लागणारा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तो बंगला. टोकदार छपरं, ढेरीसारखी पुढे आलेली खिडकी, रंगीत काचा, आणि नगरच्या उन्हाळ्यात नुसती बघूनच घाम फुटावा अशी दिवाणखान्यातली फायरप्लेस. मामांच्या आजोबांनी तो एका गोऱ्या साहेबाकडून विकत घेतला होता, पण मामांचं ऐकलं तर साहेबच यांच्या परवानगीनं राहत होता असं वाटे. मीटर बघायला आलेल्या माणसाचीही सगळा इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नसे. सुरुवात दारातल्या झिजलेल्या, उंच पायरीपासून. "पायरी जपून!" असं ओरडून मामा स्वतःच तिला ठेचकाळत आणि पुढचा इतिहास लंगडत सांगत. "हा कोनाडा साहेबाच्या हॅटचा." तिथे मामींचा गणपती असे. साहेब कुठल्या खिडकीत बसून काय विचार करायचा, हेही त्यांना ठाऊक. "तुम्हाला कसं कळलं?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अरे, तिथं बसलं की दुसरं काही सुचतच नाही!"

मामांच्या हिस्सेदार चुलतभावांना बंगला पाडून फ्लॅट हवे होते. जपायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत नाव लागलं, तरच तो वाचणार होता. सरकारी पाहणीच्या दिवशी मामांनी भर मे महिन्यात सूट चढवला आणि "सगळं चालू स्थितीत दिसलं पाहिजे" म्हणत फायरप्लेस पेटवली. पाहणीला आलेले पाहुणे पायरी जपून आत आले, तोवर दिवाणखाना धुरानं भरला होता. रस्त्यावरून दूधवाला ओरडला, "मामा, आग लागली का वं? लई धूर हाय!" मामी खोकत म्हणाल्या, "अहो, कबुतरं येतात म्हणून तुम्हीच नाही का धुराड्यात पोती कोंबली?" पाहुणे डोळे पुसत बाहेर पळाले. धुरातून मामांची हाक येतच होती, "अहो, साहेबाची खिडकी राहिली!"

यादीत नाव लागलं नाही. कारण धूरच होता की आणखी काही, देव जाणे. मामा मात्र स्वतःला बोल लावतात आणि ते ऐकवत नाही.

आता त्याच जागेवर दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. एक निळी काच वाचली, ती स्वयंपाकघरात बसवलीय. सकाळी मामींच्या पोळ्या निळ्या दिसतात. परवा गेलो. दारात गुळगुळीत, सपाट फरशी. मामांनी दार उघडलं आणि सवयीनं ओरडले, "पायरी जपून!" मग खाली बघून ओशाळले. मी आपला त्या सपाट फरशीवर चांगला ठेचकाळलो.

"बघ, सांगत होतो!" मामा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.