हलक्या रणगाड्याची पोपटी

पेणकडं गडबजवळ आमचं घर. मुलगा धाटावला कंपनीत वेल्डर होता. शिफ्ट सुटली की मोटरसायकल काढून घरी, माझ्या हातचं जेवायला. मग लांबून, रणगाडे बनवतात तिथून बोलावणं आलं. मी नको म्हटलं. त्याचा बाप म्हणाला, "धाटावला पाइप जोडणारे लई हायत गो. रणगाडा कुणाला मिळतो? जाऊ दे."

सुट्टीला आला तेव्हा बापाला सांगत होता, "मोठे रणगाडे जड, बाबा. बर्फाच्या डोंगरात दमतात. आमचा हलका. विमानात घालून न्यायचा, उतरला की चालू."

"विमानात मावतो? म्हंजे पेणच्या गणपतीएवढाच हाय की रं!"

"हसू नका. पत्रा जाड केला तर जड होतो, पातळ केला तर आतल्या पोरांचा जीव जातो. तिथंच अडलंय सगळं."

फोनवर कामाचं बोलायला त्याला बंदी. म्हणून ह्यांनीच युक्ती काढली. थंडीत आम्ही मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळात भाजतो, ती पोपटी. रणगाडा डोंगर चढला की एवढंच सांगायचं, पोपटी झाली.

त्या थंडीत मुलगा रणगाड्याबरोबर बर्फाच्या डोंगरात गेला, आणि इकडं ह्यांच्या पोटात पाणी भरलं. रोह्याच्या डॉक्टरनी घरी न्या म्हणून सांगितलं. हे मला म्हणाले, "त्याला कळवू नको. काम अर्धं टाकून येईल." मी नाय कळवलं.

कधीमधी फोन लागायचा. हे उशीला टेकून विचारायचे, "झाली का रं पोपटी?"

"नाय बाबा. कच्ची हाय."

"इस्तव कमी पडला?"

"थंडीच लई हाय."

फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून निजायचे. शेवटी शेवटी तेवढाच एक प्रश्न राहिला होता त्यांच्यात.

हे गेले. अग्नी पुतण्यानं दिला. मुलगा दहाव्याला पोचला. खाडीवर पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून राहिले. एकही खाली येईना. ऊन चढलं. माझी जाऊ मुलाच्या कानाशी लागली, "अरे, झाली म्हणून सांग. एवढंच अडलंय त्यांचं."

तो हात जोडून उभा होता. म्हणाला, "काकी, नाय चढला अजून. जित्या बापाला खोटं नाय बोललो, आता कसं बोलू?"

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मुलगा परत कामावर गेला.

पुढच्या थंडीत मी ओटीवर बिरडं सोलत होते. वाल पेणच्या बाजारात न्यायचे होते. फोन वाजला.

"आई, पोपटी झाली."



"बरं झालं," मी म्हटलं. "जेवलास का?"

फोन ठेवला. ह्यांची उशी होती त्या भिंतीकडं बघून मोठ्यानं एकदा सांगितलं. मग राहिलेले वाल सोलले.